माहीत नसलेल्या डागांची पानं

ताईला कुणी डागाबद्दल विचारलं की ती आधी कापड मागायची. आता फोनवरून विचारणाऱ्यानं कापड कुठून द्यायचं? पण ताईला ते कोण सांगणार! "अहो, चहा सांडला हे कळलं हो मला. कशावर सांडला ते सांगा ना," असं ती ओरडायची, आणि पलीकडचा माणूस बिचारा दोन शब्द बोलून फोन ठेवून द्यायचा. कपडे धुण्याच्या आणि डाग काढण्याच्या धंद्यात तिची हयात गेलेली. बेकरी आणि चष्म्याचं दुकान यांच्यामधलं तिचं ते चिंचोळं दुकान, पुढे गल्ला, मागे वाफेची इस्त्री, त्याच्याही मागे एक मोरीवजा खोली, आणि सगळीकडे गरम ओल्या कापडाचा वास.

गल्ल्यावर धाकटी बसायची. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, पण वयात इतकं अंतर की लोक तिला ताईची मुलगी समजायचे आणि दोघींपैकी कुणीच ते दुरुस्त करायचं नाही. धाकटीची छापखान्यातली नोकरी गेली तेव्हा ताईनं एका शब्दानं विचारपूस केली नाही, फक्त गल्ल्यामागची खुर्ची पुसून ठेवली. ताईचं प्रेम असंच, बोलायचं नाही आणि आभार मानलेले खपवून घ्यायचे नाहीत.

वेबसाइटची कल्पना धाकटीची. रोज फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवू, ज्याला हवं तो वाचेल. ताई आधी हसली. मग म्हणाली, "लिही. पण माझं नाव टाकणार असशील तर माझ्या अटीवर."

अट अशी की, जो डाग ताईच्या हातानं निघाला तेवढाच लिहायचा. मागच्या खोलीत तिनं चिंध्यांचं एक पिंपच भरून ठेवलेलं. सुती, लोकरी, रेशमी, आणि रेशमाचं नुसतं सोंग आणणारी नाना कापडं. कुणी विचारलं, शाई कशी काढायची, की बाई पिंपातून चिंध्या काढणार, प्रत्येकीवर शाई सांडणार, आठवडाभर वाळू देणार आणि मग काढून बघणार. निघाली तर इस्त्री करता करता तोंडानं सांगणार आणि धाकटी टाइप करणार. चार ओळींत काम. काय लावायचं, किती वेळ, काय लावायचं नाही. संपलं.

आणि नाही निघाला डाग, तर? तर त्या डागाचंसुद्धा पान व्हायचं. वर डागाचं नाव, आणि खाली ताईचे शब्द: "मला माहीत नाही. घासू नका. अमुक कारणानं भीती वाटते." बस. अशी पानं काही थोडीथोडकी नव्हती. धाकटी पहिल्यांदा वैतागली होती. "अगं, माहीत नाही हे सांगायला कोण पान काढतं?"

"ज्याच्या हातात भिजलेला बोळा आहे आणि जो आता घासणार आहे, त्याला तेच सांगायला हवं असतं," ताई म्हणाली. "ती पानं काढायची नाहीत हं, धाकटे. उरलेलं काय हवं ते कर."

"नाही काढणार," धाकटी म्हणाली.

गंमत म्हणजे लोकांना तीच पानं आवडली! लोक खाली लिहायचे, अहो, आमच्याकडे हे करून बघितलं तर निघाला. ताई ते वाचून घ्यायची, चिंधीवर करून बघायची, आणि जमलं की "माहीत नाही" खोडून पद्धत लिहायला सांगायची, त्या माणसाच्या नावासकट. दूरदूरून पार्सलं यायला लागली. कुणाचा कोट, कुणाचं बाळंतपणातलं पांघरूण. बरोबर एक चिठ्ठी, तुमचं वाचून हात लावला नाही, तुम्हीच बघा. ताईच्या शब्दाला ही अशी किंमत आलेली, आणि तो शब्द लोकांपर्यंत न्यायचं काम आपलं, याचा धाकटीला अभिमान वाटायचा. का वाटू नये? आयुष्यात पहिल्यांदा तिनं उभं केलेलं काहीतरी नीट चाललं होतं.

मग एका सोमवारी साइट बसली. म्हणजे साइट होती तिथंच होती, माणसं यायची बंद झाली. धाकटीनं आधी इंटरनेट तपासलं, मग स्वतःचे डोळे चोळले. झालं होतं इतकंच, की सगळं जग ज्या एकाच सर्च इंजिनवर शोधतं त्यानं आपले नियम बदलले होते. कुणाला सांगून? कुणालाच नाही. काल "गोंदाचा डाग" म्हटलं की ताई पहिली यायची, आज ताई कुठल्या कुठे मागे, आणि पुढे सगळ्या कुठल्यातरी नवख्या, लांबलचक साइट्स. बरं, तक्रार करायची तर कुणाकडे? तिथे ना खिडकी, ना माणूस. आणि दुसरीकडे जावं तर दुसरीकडे कुणी शोधायलाच जात नाही. पार्सलं आटली. फोन तर कधीच थांबले होते, कारण लोकांना साइटची सवय लागलेली.

धाकटीच्या जिवाला घोर लागला. तिनं एक सल्लागार गाठला. तो स्क्रीनवरच भेटायचा, आणि प्रत्येक पानासमोर त्याच्याकडे एक ठिपका असायचा, लाल, पिवळा नाहीतर हिरवा. ताईनं एकदा मागून डोकावून पाहिलं आणि त्याचं नाव "दिवेवाला" ठेवलं. माणूस वाईट नव्हता हो. आपल्या कामात चोख होता आणि बोलायला गोड होता, आणि तिथेच घोटाळा झाला.

"पानं फार छोटी आहेत, मॅडम," दिवेवाला म्हणाला. "चार ओळींना सर्च इंजिन विचारत नाही. लोकांना थांबवून ठेवायला हवं. डाग म्हणजे काय, डागांचे प्रकार किती, असं करत करत उत्तराकडे यायचं."

"ज्याचा शर्ट खराब झालाय त्याला डाग म्हणजे काय ते माहीत असतं ना पण?"

"माणसाला असतं. मशीनला नसतं." तो हसला. मग गंभीर झाला. "आणि ही लाल पानं. 'मला माहीत नाही'. ही सगळ्या साइटला खाली खेचतायत. उत्तर नसलेलं पान म्हणजे निकामी पान. काढून टाका, नाहीतर उत्तर भरा."

काढायची नाहीत, असा शब्द धाकटीनं दिला होता. तो तिनं पाळला, आणि कसा पाळला ते बघा. पानं काढली नाहीत. उत्तरं भरली.

एकदम नाही भरली. आधी लांबी वाढवली. ताईच्या चार ओळींच्या आधी डागांचा इतिहास आला, मग घरोघरच्या गृहिणींना पडणारे प्रश्न आले, आणि "गोंदाचा डाग कसा काढावा" हे एकच वाक्य एका पानावर इतक्या वेळा आलं की वाचणाऱ्याला उचकी लागावी. ताईनं एकदा वाचायला घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. "हे कोण बोलतंय गं? असं कुणी दुकानात येऊन बोलायला लागलं तर मी त्याला खुर्ची देईन आणि घरच्यांचा नंबर विचारीन."

"हल्ली असंच लिहावं लागतं, ताई."

"माझं आहे ना पण खाली? मी सांगितलेलं?"

"आहे."

"मग ठीक," ताई म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली. तिनं पुन्हा साइट उघडली नाही. धाकटी आहे म्हटल्यावर तिला उघडायची गरजच वाटली नाही. हे आठवलं की धाकटीला आजही घास गोड लागत नाही.

मग ती लाल पानांकडे वळली. बदमाशी करायची नव्हती तिला, उलट मेहनत घेतली. एकेका डागासाठी चार-पाच साइट्स वाचल्या. सगळीकडे एकच उत्तर मिळालं की खरं धरायचं, असा नियमच तिनं केला. रेशमासारख्या चकचकीत कापडावरचा चिकटपट्टीचा गोंद: ताईनं लिहिलं होतं, मला माहीत नाही, अशी कापडं दिसायला सारखी पण जातीनं वेगळी, एखादं साध्या औषधानंही विरघळेल, हातात घेतल्याशिवाय सांगणार नाही. धाकटीनं शोधलं, तर सगळ्या ठिकाणी तेच. नखांचा रंग काढायचा द्रव कापसावर घ्या, हलक्या हातानं पुसा, गोंद निघेल. तिनं तसं लिहिलं. खाली ताईचं नाव आपोआप यायचंच, ते प्रत्येक पानाखाली होतं. ठिपका हिरवा झाला.

आणि माणसं आली! पूर्वीपेक्षा जास्त आली. धाकटी त्या दिवसांत शीळ घालत कपड्यांना चिठ्ठ्या टाचायची. थोडे दिवस हे सुख टिकलं. मग सर्च इंजिननं आणखी एक गोष्ट सुरू केली. प्रश्न विचारला की उत्तर तिथल्या तिथेच वर एका चौकटीत दाखवायचं, दोन ओळींत, खाली बारीक अक्षरात ज्याचं त्याचं नाव. साइटवर जायचं कारणच उरलं नाही. म्हणजे ज्या दोन ओळींसाठी एवढं पाल्हाळ लावलं, त्या दोन ओळी ते उचलून घेऊन गेले आणि पाल्हाळ धाकटीच्या पदरात राहिलं. पुन्हा सगळं शांत. पार्सलं तर नाहीच. धाकटीनं दिवेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, चौकटीत नाव येणं ही मोठी गोष्ट आहे. लोक यासाठी धडपडतात." घ्या! कुणी कुणाला काय समजवायचं?

त्यानंतर एका दुपारी स्कार्फवाली आली.

तिशीपस्तिशीची बाई. पिशवीतून तिनं एक कागदी पुडी काढली, त्यातून दुसरी, आणि त्यातून मोरपंखी रंगाचा एक चकचकीत स्कार्फ गल्ल्यावर ठेवला. ताई मागून हात पुसत आली. "आईचा आहे," बाई म्हणाली. "दवाखान्यात शेवटी केस गेले तेव्हा रोज हाच बांधायची. एका बाजूला सलाइनच्या पट्टीचा गोंद लागला होता. मी वर्षभर धुतला नाही. म्हटलं, धुतला तर वास जाईल तिचा. मग म्हटलं, निदान तो गोंद तरी काढावा."

तिनं घडी उलगडली. गोंद होता त्या जागी तळहाताएवढं भोक होतं. कडा कडक झालेल्या, बोटाला टोचणाऱ्या, भांड्याला लागून करपलेल्या प्लॅस्टिकसारख्या. आजूबाजूला कापड आक्रसून गोळा झालेलं.

ताईनं कडेवरून बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं. "नखांच्या रंगाचा द्रव लावलात?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना," बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. तिनं फोन काढून दाखवला. चौकट, दोन ओळी, खाली बारीक अक्षरात ताईचं नाव. "मी चार जणांचं ऐकलं नसतं. पण माझी आई तुमचं वाचायची. ती म्हणायची, ही बाई माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते. म्हणून लावलं."

ताईनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, वाचलं. मग तिनं धाकटीकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ताईला आधी कळलंच नाही, आणि मग कळलं, हे धाकटीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"चूक माझी," ताई बाईला म्हणाली. "मी लिहिलं ते. कापड न बघता लिहिलं. लिहायला नको होतं."

आयुष्यभर इस्त्रीची एक सुरकुती लपवली नाही, ती ताई धाकटीसाठी धडधडीत खोटं बोलली. आणि धाकटी गप्प बसली.

"भोक भरणार नाही," ताई म्हणाली. "कडा मऊ होतात का बघते. मागून अस्तर देईन, म्हणजे बांधता येईल. वास राहील तेवढा राखते. पाणी लावणार नाही."

बाई गेली. ताईनं स्कार्फ मागच्या टेबलावर पसरला. "कुठून आणलंस?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"चार-पाच ठिकाणी तेच होतं, ताई. सगळीकडे."

"त्यातल्या कुणी कापड हातात घेतलं होतं?"

त्या चार-पाच जणांनी एकमेकांचंच उतरवून घेतलं होतं, हे धाकटीनं नंतर तपासलं. खणत गेलं तर तळाशी कुणीच नव्हतं. चिंधी भिजवणारं कुणीच नव्हतं.

"अजून किती पानं आहेत अशी?" ताईनं विचारलं.

"सगळी. माहीत नव्हती ती सगळी."

ताई खुर्चीवर बसली. दिवसाढवळ्या, दुकान उघडं असताना ताई बसलेली धाकटीनं कधी पाहिली नव्हती. "आत्ता काढ," ती म्हणाली. "माझ्या नावावर कुणाचं तरी काहीतरी जळतंय. आत्ताच्या आत्ता काढ."

धाकटीनं काढली. तिथेच बसून एकेक उत्तर पुसलं आणि ताईचे जुने शब्द परत ठेवले. संध्याकाळच्या आत झालं. मग तिनं शोधून बघितलं. चौकट जागच्या जागी होती. उत्तर तेच, नाव ताईचं. फक्त आता ते कुठल्याशा तिसऱ्याच साइटवरून येत होतं, जिनं धाकटीचं पान नावासकट उचललं होतं. धाकटीनं त्यांना लिहिलं. त्या साइटला मालक होता की नाही देव जाणे. सर्च इंजिनच्या तक्रारीच्या जागी लिहिलं, तर आपली सूचना मिळाली असं एक वाक्य आलं आणि विषय संपला. एक काढलं की दुसरीकडून, दुसरं काढलं की आणखी कुठून. आणि ताईचं खरं पान, मला माहीत नाही म्हणणारं, ते इतकं मागे पडलं होतं की तिथवर कुणी जाणं शक्यच नव्हतं. दिवेवाल्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, चांगलं बसलेलं उत्तर हलवणं माझ्याही हातात नाही."

ताईला हे कसं सांगणार? तिच्या हिशेबानं पान काढलं म्हणजे निघालं, जशी दारावरची पाटी काढावी. रोज सकाळी शटर वर करताना ती विचारायची, "गेलं का गं ते?" आणि धाकटी म्हणायची, "वेळ लागतो, ताई." ताई मान हलवायची आणि आत जायची. जेवण कमी झालं होतं तिचं. इस्त्री करताना मधेच थांबायची, आणि कुणाच्या तरी दुसऱ्याच डागाचा विचार करत असायची, कुठे कुणी काय लावत असेल म्हणून.

स्कार्फ तयार झाला. कडा बऱ्यापैकी मऊ आल्या होत्या, मागून त्याच रंगाचं अस्तर, टाके असे की शोधून सापडू नयेत. ताईनं मजुरी घ्यायची नाही म्हणून बजावलं. बाई आली तेव्हा ताई मागच्या खोलीत होती. बाईनं स्कार्फ उघडला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला. "आहे," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्या ताई चांगल्या आहेत हो. चूक झाली म्हणाल्या. कोण म्हणतं हल्ली?"

आता मात्र धाकटीला राहवेना. "ते ताईनं नव्हतं लिहिलं," ती म्हणाली. "मी लिहिलं. ताईनं तिथे लिहिलं होतं की मला माहीत नाही. मी ते पुसलं."

बाईनं स्कार्फ गल्ल्यावर ठेवला. "का?"

"लोक यावेत म्हणून."

बाईच्या चेहऱ्यावरून काहीतरी येऊन गेलं. ती ओरडेल असं धाकटीला वाटलं, मनातून तिला तेच हवं होतं. पण बाईनं स्कार्फची घडी घातली, एका पुडीत ठेवली, ती पुडी दुसरीत. "मी तर तुमच्या साइटवर आलेच नव्हते," ती म्हणाली. "वरच वाचलं आणि उठले." मग दाराशी जाऊन वळली. "पण आता ते काढलंत ना? आणखी कुणाच्या आईचं काही असेल."

त्या दिवशी सकाळीच धाकटीनं पाहिलं होतं. चौकट, दोन ओळी, खाली नाव.

"हो," धाकटी म्हणाली. "काढलं."

"बरं झालं," बाई म्हणाली आणि गेली.

धाकटी मागे वळली तर ताई मधल्या दारात उभी. हात ओले, पदराला पुसायचंही भान नाही. "निघालं?" ती म्हणाली. "खरंच निघालं? मग मला सांगितलं का नाहीस गं!" आणि तिचा चेहरा असा सैल झाला, असा मोकळा झाला, की धाकटीला खरं सांगवेना. ताई पुढे आली, तिनं ओला हात धाकटीच्या डोक्यावरून फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "झालं ते झालं. तू सुधारलंस ना, मला पुष्कळ आहे. आता पुन्हा नीट सुरू करू. मी सांगते, तू लिही."

तिनं पिंपातून एक चिंधी काढून इस्त्रीच्या टेबलावर पसरली आणि सांगायला लागली. धाकटीनं कीबोर्ड जवळ ओढला आणि लिहायला लागली.